शर्यतीच्या वेगाचा सेट दर आठवड्याला त्याच रिपीटला का मोडतो?

शंभर मीटर फ्रीस्टाइलची तयारी करणाऱ्या जलतरणपटूला आठवड्यातून दोन-तीन वेळा २५ मीटरचे २० ते ३० रिपीट (एक फेरी म्हणजे एक रिपीट, सगळे मिळून एक सेट) शर्यतीच्या वेगाने पोहायला दिले जातात आणि दोन रिपीटमध्ये पंधरा-वीस सेकंदांची विश्रांती असते. काही आठवड्यांनी प्रशिक्षकाच्या वहीत तेच तेच दिसू लागते. सातव्या किंवा आठव्या रिपीटला लक्ष्यवेळ चुकते, एक रिपीट सोडून पुन्हा प्रयत्न होतो, त्यानंतर लगेच आणखी दोनदा चुकते आणि सेट संपतो. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. अशा वेळी तलावाच्या काठावर बहुधा एकच निदान ऐकू येते की मुलाचा दम कमी पडतो, आणि त्यावर उपाय म्हणून सकाळच्या सरावात आणखी दीड-दोन किलोमीटर वाढवले जातात. माझ्या मते दमाकडे सर्वांत शेवटी पाहावे. ज्या आकड्यावर सेट उभा आहे तो आकडा, तो मोजण्याची रीत आणि रिपीटमधली खरी विश्रांती या तीन ठिकाणीच बहुतेक वेळा दोष सापडतो, आणि तो काढायला एक मीटरही जास्त पोहावे लागत नाही.

पद्धतीचे नियम, थोडक्यात

ठरावीक अंतर ठरावीक विश्रांतीने पुन्हा पुन्हा पोहण्याची रीत जुनीच आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात मार्क स्पिट्झला घडवणारे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती जलतरणात रुजवली. सध्या तिच्या ज्या कडक रूपाची चर्चा होते, ते सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातले ब्रेंट रशल यांनी मांडले आणि मायकल अँड्र्यू या अमेरिकी जलतरणपटूमुळे ते जगभर पोहोचले. त्यात रिपीट लहान असतात, वेग शर्यतीचाच असतो आणि विश्रांती तुटपुंजी असते. १०० मीटरसाठी २५ चे आणि २०० मीटरसाठी ५० चे रिपीट घेतात. लक्ष्यवेळ एकदा चुकली की पुढचा एक रिपीट सोडायचा आणि नंतर पुन्हा सुरू करायचे, पण लागोपाठ दोनदा चुकली किंवा एकूण तीनदा चुकली की तो सेट त्या दिवसापुरता बंद करायचा.

सेट बंद करण्याच्या या नियमामागे विचार आहे. पंधरा सेकंदांच्या जोरदार पोहण्यात स्नायू बराचसा भार फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थाच्या आणि स्नायूंतच धरून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या साठ्यावर घेतो. विश्रांतीत त्यातला ऑक्सिजन लवकर भरून निघतो, तर फॉस्फोक्रिएटिनचा निम्मा खर्च भरून यायला साधारण अर्धा मिनिट लागतो. म्हणजे वीस सेकंदांत पुरेशी भरपाई होते, पण पूर्ण कधीच होत नाही, आणि तूट हळूहळू साचत जाते. ती एका मर्यादेपलीकडे गेली की जलतरणपटू हात तर मारतो, पण तो शर्यतीतला हात राहत नाही. कोपर खाली पडते, पाण्यावरची पकड सुटते, आणि त्यापुढचा प्रत्येक रिपीट चुकीच्या हालचालीचा सराव ठरतो. म्हणून ‘अजून दोन मार, सोडू नकोस’ हे वाक्य इतर सरावात कितीही योग्य असले, तरी या सेटमध्ये ते नुकसान करते.

आधी लक्ष्यवेळ तपासावी

सर्वांत जास्त सेट इथेच मोडतात, म्हणून हा हिशेब सविस्तर पाहू. समजा एका जलतरणपटूला ५० मीटरच्या तलावात १०० मीटर फ्रीस्टाइल ६०.० सेकंदांत पोहायचे आहे. सरळ भागाकार केला की ६० भागिले ४, म्हणजे प्रत्येक २५ मीटरला १५.० सेकंद येतात, आणि बहुतेक वह्यांत हाच आकडा लिहिलेला असतो. प्रत्यक्षात ६० सेकंदांची शर्यत अशी समान तुकड्यांत कधीच पोहली जात नाही. पहिल्या ५० मीटरमध्ये ब्लॉकवरून मारलेली डाइव्ह असते आणि अंग ताजे असते, त्यामुळे शर्यतीचे स्प्लिट, म्हणजे दोन्ही ५० च्या वेगवेगळ्या वेळा, २८.८ आणि ३१.२ अशा काहीशा पडतात. सरावातला २५ मीटरचा रिपीट पाण्यातून, भिंतीला पाय लावून सुरू होतो, तिथे डाइव्ह नसते. तेव्हा त्याची तुलना शर्यतीच्या सरासरीशी न करता दुसऱ्या ५० मीटरशी करायला हवी.

दुसऱ्या ५० चा निम्मा आकडा १५.६ येतो. मात्र तोही जसाच्या तसा घेऊ नये, कारण त्या ५० मीटरमध्ये भिंतीला पायांनी रेटून मिळणारा एकच पुश आणि हाताचा एकच टच असतो, तर सुट्या २५ मीटरमध्ये दोन्ही फायदे निम्म्या अंतरात मिळतात. त्यामुळे दोन दशांश कमी करून १५.४ धरावे. १५.० आणि १५.४ यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग पावणेतीन टक्क्यांनी वाढवायला आठ टक्के जास्त शक्ती लागते. दर रिपीटला आठ टक्के जास्त खर्च आणि विश्रांती तेवढीच, असे असेल तर सेट सातव्या-आठव्या रिपीटला मोडण्यात नवल काहीच नाही. त्या जलतरणपटूकडून तिची १०० मीटरची शर्यत न पोहून घेता आपण तिच्याहून दीड सेकंद वेगवान मुलीची शर्यत पोहून घेत असतो.

२०० मीटरच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या आकड्यांत दिसते. लक्ष्य २ मिनिटे १२ सेकंदांचे असेल तर सरासरी ५० मीटर ३३.० ला येते. पण खरी शर्यत ३०.६, ३३.४, ३४.०, ३४.० अशी काहीशी असते आणि डाइव्हचा पहिला तुकडा वगळून उरलेल्यांची सरासरी ३३.८ भरते. शर्यतीत मधले तुकडे टर्नला पायाच्या स्पर्शाने संपतात आणि सरावातला रिपीट हाताच्या टचने संपतो, याची तीन-चार दशांशांची सूट कापून ३३.४ ते ३३.५ हे लक्ष्य ठेवावे.

आणखी एक गफलत म्हणजे २५ मीटरच्या तलावातली स्वतःची सर्वोत्तम वेळ घेऊन ५० मीटरच्या स्पर्धेचे लक्ष्य ठरवणे. २५ च्या तलावात १०० मीटरमध्ये तीन टर्न मिळतात, ५० च्या तलावात एकच. प्रत्येक टर्न म्हणजे भिंतीचा एक फुकटचा पुश असतो, त्यामुळे छोट्या तलावातली वेळ चांगली दिसते. राज्य अजिंक्यपद किंवा राष्ट्रीय स्पर्धा ५० मीटरच्या तलावात होणार असेल, तर लक्ष्यवेळही ५० मीटरच्या तलावातल्याच नोंदींवरून काढावी. ज्यांच्या गावात असा तलाव नाही त्यांनी मागच्या स्पर्धेचे स्प्लिट जपून ठेवावेत, कारण एकूण वेळेपेक्षा या सेटला त्यांचा उपयोग जास्त आहे.

आणि लक्ष्य हे ‘जे व्हावेसे वाटते’ ते नसावे. सध्याची वेळ ६३ असलेल्या मुलाला ६० चे लक्ष्य देऊन लगेच १५.४ वर पोहायला लावले, तर हिशेब अचूक असूनही सेट पाचव्याच रिपीटला संपतो. आजच्या वेळेपेक्षा अर्धा-पाऊण सेकंद चांगली वेळ धरून आकडा काढावा आणि सेट टिकू लागला की तो खाली आणावा.

मग अंतर आणि घड्याळ

लक्ष्य दशांशांत आहे, तेव्हा मोजणेही दशांशांत व्हायला हवे, आणि आपल्याकडच्या तलावांवर नेमके इथेच अडते. तलाव खरोखर २५ मीटरचा आहे का, हे एकदा टेप लावून पाहावे. २५ यार्डांचा तलाव २२.८६ मीटर भरतो आणि २५ मीटर समजून त्यात पोहणाऱ्याची वेळ सव्वा सेकंदाहून अधिक चांगली दिसते. एवढा मोठा फरक कोणाच्याही लक्षात येतो, पण डागडुजीत भिंतीवर नव्याने बसवलेल्या टाइल्समुळे किंवा मुळातल्या बांधकामामुळे राहिलेला ३० सेंटीमीटरचा फरक लक्षात येत नाही, आणि तोही जवळपास दोन दशांशांचा असतो. एका तलावात जमणारा सेट दुसऱ्या तलावात मोडत असेल, तर जलतरणपटूच्या मनःस्थितीवर चर्चा करण्याआधी दोन्ही तलावांची लांबी मोजलेली बरी.

घड्याळ कधी सुरू होते, हा दुसरा प्रश्न आहे. ‘गो’ म्हटल्यावर स्टॉपवॉच सुरू केले, तर जलतरणपटू अंग पाण्याखाली घेतो, पाय भिंतीला टेकवतो आणि मग जोर देतो, तेवढा वेळ रिपीटमध्ये धरला जातो. पायांनी जोर देताच घड्याळ सुरू केले तर तो वेळ वगळला जातो. दोहोंत सहज तीन-चार दशांशांचा फरक पडतो. वर काढलेला १५.४ चा आकडा दुसऱ्या रीतीने मोजण्यासाठी आहे. सोमवारी मुख्य प्रशिक्षकांनी एका रीतीने आणि गुरुवारी सहायकाने दुसऱ्या रीतीने मोजले, तर वहीतले आकडे एकमेकांशी बोलतच नाहीत. शेवटही ठरवून घ्यावा. बोटे भिंतीला लागतात तो क्षण पकडायचा असेल तर मोजणाऱ्याने त्या भिंतीपाशीच उभे राहावे. सुरुवातीच्या काठावर बसून २५ मीटर दूरचा टच तिरक्या नजरेने अचूक टिपता येत नाही, आणि सूर्य डोळ्यांवर येणाऱ्या उघड्या तलावात तर नाहीच.

जलतरणपटू स्वतः भिंतीवरचे पेस क्लॉक पाहून वेळ सांगत असेल, तर तो सांगतो पूर्ण सेकंदांत. काट्याच्या घड्याळावर १५.१ आणि १५.८ यांत भेद करणे धापा टाकणाऱ्या मुलाकडून अपेक्षितच नाही, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे दोन्हींना ‘पंधरा’ म्हणतो. अशा तलावात टोपीखाली बसणारा, ठरावीक वेळाने बीप देणारा टेम्पो ट्रेनर वापरता येतो. तो १५.४० सेकंदांवर लावून एका बीपला पुश करायचा आणि पुढच्या बीपआधी टच व्हायला हवा, इतके सोपे गणित आहे, आणि चूक झाली की नाही याचा निवाडा मुलाच्या कानातच होतो. तो नसेल तर एका पालकाला काठावर उभे करून मोबाइलवर टचचे चित्रण करून घ्यावे आणि नंतर वेळ काढावी. सेटच्या दरम्यान निर्णय घेता येत नाही, पण चुका कुठे सुरू झाल्या ते कळते.

दशांशाचे हे वेड वाटत असेल तर एक नोंद आठवावी. जून २०२१ मध्ये रोमच्या सेत्ते कोली स्पर्धेत साजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पूर्ण केली आणि ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता वेळ गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. ती पात्रता वेळ १ मिनिट ५६.४८ होती. हा एका दशांशाचा फरक चार तुकड्यांत वाटला तर प्रत्येक ५० मीटरला सेकंदाचा चाळिसावा भाग येतो.

पहिले चार रिपीट

लक्ष्य बरोबर आहे, मोजणे बरोबर आहे, तरी सेट मोडतोच आहे, अशा वेळी चुकलेल्या रिपीटकडे पाहू नये, पहिल्या चारकडे पाहावे. एका नमुन्याच्या सेटचे आकडे असे असू शकतात : १४.८, १४.७, १४.९, १५.०, १५.३, १५.४, १५.४, १५.९. लक्ष्य १५.४ चे आहे. वही तपासणाऱ्याची नजर १५.९ वर खिळते, पण दोष १४.७ मध्ये आहे. ताज्या अंगाने सहा-सात दशांश पुढे जाणे सोपे असते, त्यात शाबासकीही मिळते, आणि तिथे उधळलेले भांडवल आठव्या रिपीटला कमी पडते.

म्हणून लक्ष्यापेक्षा दोन दशांशांहून अधिक वेगाने पोहलेला रिपीटही चुकलाच असे धरावे आणि तसे जलतरणपटूला आधी सांगून ठेवावे. मुलांना हा नियम आवडत नाही, कारण शेजारच्या लेनमधला मित्र पुढे जाताना दिसतो. त्यावर उपाय म्हणून सेटच्या पहिल्या भागात वेगवान मुलाला शेजारी न ठेवता दोन लेन पलीकडे ठेवता येते. वेग धरून ठेवणे हे शर्यतीतही शिकावे लागणारे कौशल्य आहे, आणि जो सेटमध्ये पहिला रिपीट आवरू शकत नाही तो शर्यतीत पहिली ५० आवरत नाही, असे मला नेहमी दिसते.

विश्रांती आणि लेनमधली गर्दी

सेटची कागदावरची विश्रांती आणि पाण्यातली विश्रांती यांत तफावत असते. २५ मीटर १५.४ मध्ये पोहून ३५ सेकंदांच्या चक्रावर, म्हणजे दर ३५ सेकंदांनी, निघायचे असेल तर १९.६ सेकंद मिळतात, आणि ३० सेकंदांच्या चक्रावर १४.६. दोन्ही नियमात बसतात, पण दोन वेगळे सेट आहेत आणि त्यांची तुलना करू नये. चक्र ३० वरून ३५ वर नेल्याने सेट टिकू लागला, तर ती प्रगती नाही, तो बदल आहे.

आता लेन पाहू. चार जण पाच-पाच सेकंदांच्या अंतराने निघाले, तर शेवटचा पंधराव्या सेकंदाला निघून तिसाव्या सेकंदानंतर लगेच पोहोचतो आणि पहिल्याने पस्तिसाव्या सेकंदाला परत निघण्याआधी भिंत मोकळी असते. पाचवा मात्र विसाव्या सेकंदाला निघून ३५.४ ला पोहोचतो, म्हणजे पहिला निघतो त्याच क्षणी. मग कोणी तरी थांबतो, कोणी टच न करताच वळतो, कोणाला पुशसाठी भिंतच मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका लेनमध्ये सात-आठ मुले असतात तेव्हा हा सेट चालू शकत नाही हे मान्य करावे आणि त्यांना दोन गटांत विभागून, एक गट पाण्यात असताना दुसऱ्याकडून काठावर कोरडा व्यायाम करून घ्यावा. गर्दीत घेतलेला सेट मोडला तर त्यावरून कोणाच्याही तयारीबद्दल काही कळत नाही.

पुण्यात बालेवाडीला किंवा इतरत्र ५० मीटरच्या तलावात सराव करणाऱ्यांपुढे वेगळीच अडचण असते. २५ मीटरवर भिंत नसते. तिथे मध्येच थांबून पाण्यात उभ्याने पाय मारत पुन्हा निघाले, तर पुश जातो आणि लक्ष्यवेळ निरर्थक होते. तलाव २५ मीटर रुंद असेल आणि व्यवस्थापन लेनच्या दोऱ्या काढू देत असेल तर आडवे पोहावे. मात्र कित्येक तलाव २१ मीटरच रुंद असतात, तेव्हा इथेही टेप लागतेच. ते शक्य नसेल तर भिंतीवरून २५ मीटर वेगाने जाऊन, तिथून सावकाश परत यावे आणि चक्र ६० सेकंदांचे ठेवावे. ही विश्रांती लांब असते आणि अंग हलते राहते, त्यामुळे या सेटमधले रिपीट जास्त टिकतात. त्याची नोंद वेगळ्या पानावर ठेवावी, नाही तर तलाव बदलल्याचा फायदा सरावाच्या खात्यावर जमा होतो.

हातांची संख्या

वेळ चुकण्याआधी हात, म्हणजे एका रिपीटमध्ये मारलेल्या हातांची संख्या, वाढतात. ही सगळ्यात उपयोगी खूण आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. समजा पुश आणि पाण्याखालच्या डॉल्फिन किकनंतर मुलगी सहा मीटरवर वर येते आणि उरलेले १९ मीटर १९ हातांत पोहते. सातव्या रिपीटलाही वेळ १५.४ आहे, पण हात २१ झालेत. आठव्यात २२ होतात, वेळ तरीही १५.४. नवव्यात २२ हात मारूनही १५.९. वेळेच्या रकान्यात सेट नवव्याला मोडला असे दिसते, खरे तर तो सातव्यालाच सुटला होता. प्रत्येक हातातून मिळणारे अंतर घटले आणि ती तूट तिने हात जलद फिरवून भरून काढली, ती भरपाई दोन रिपीट पुरली.

अशा जलतरणपटूला ‘जोर लाव’ म्हणू नये, कारण जोर ती लावतेच आहे. तिला पकडीचे काम द्यावे. सेटच्या आधी स्कलिंग (तळहात पाण्यात आडवे हलवून पकड जाणवण्याचा सराव), मुठी मिटून पोहणे, आणि सेटमध्ये वेळेबरोबर हातांचीही मर्यादा ठेवावी, म्हणजे १५.४ आणि जास्तीत जास्त २० हात. दोहोंपैकी एक जरी चुकले तरी रिपीट चुकला. या नियमाने पहिल्या आठवड्यात सेट आणखी लवकर मोडतो, त्याने घाबरू नये. पाण्याखालचे अंतरही मोजावे. पहिल्या रिपीटला सहा मीटरवर वर येणारी मुलगी दहाव्याला चार मीटरवरच वर येत असेल, तर श्वासाची घाई हे कारण असते, आणि तिथे उपायही किकचा व श्वासाच्या शिस्तीचा असतो.

सेट पूर्ण होतो, शर्यत मात्र कोसळते

ही तक्रार वरवर उलटी दिसते, पण मूळ बऱ्याचदा तेच असते. लक्ष्य सैल आहे, घड्याळ उदार आहे किंवा विश्रांती लांबली आहे, म्हणून सेट पंचवीस रिपीटपर्यंत जातो आणि शर्यतीत दुसरी ५० दोन सेकंदांनी बिघडते. आधी वरचे सगळे तपासावे.

ते ठीक असेल तर या पद्धतीत जे येत नाही तिकडे वळावे. भिंतीवरून निघणाऱ्या सुट्या २५ मध्ये डाइव्ह नाही आणि पोहण्याच्या भरात, दम लागलेला असताना घ्यावा लागणारा टर्नही नाही. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीला आणि टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते. ५० मीटरच्या तलावातल्या १०० मीटर शर्यतीत ते दोनदा मिळते. दम लागलेल्या अवस्थेत दुसऱ्यांदा पाण्याखाली राहण्याचा सराव वीस सेकंद विश्रांती घेतलेल्या मुलाला होत नाही. त्यासाठी भिंतीच्या १२-१५ मीटर आधीपासून वेगाने येऊन टर्न घेणे आणि पुढे १५ मीटर जाणे, असे रिपीट वेगळे घ्यावेत, आणि दोन आठवड्यांतून एकदा डाइव्हसह ब्रोकन १०० घ्यावी. म्हणजे ५० मीटरनंतर दहा सेकंद थांबून उरलेली ५०, आणि मधली विश्रांती वजा करून एकूण वेळ. ब्रोकन १०० आणि प्रत्यक्ष शर्यत यांच्या वेळेत मोठी दरी असेल, तर सलग पोहण्याची सहनशक्ती खरोखर कमी आहे. दमाचे नाव घ्यायला हरकत नाही ती या टप्प्यावर.

या वादात मायकल अँड्र्यूचे उदाहरण दोन्ही बाजू देतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०० मीटर वैयक्तिक मेडलीच्या (चारही स्ट्रोक, प्रत्येकी ५० मीटर) अंतिम फेरीत तो १५० मीटरपर्यंत आघाडीवर होता आणि शेवटच्या फ्रीस्टाइलच्या ५० मध्ये मागे पडून पाचवा आला. त्याच स्पर्धेत ४ गुणिले १०० मीटर मेडली रिलेत ब्रेस्टस्ट्रोकचा टप्पा पोहून त्याने ३ मिनिटे २६.७८ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदकही मिळवले. एका शर्यतीवरून पद्धत खोटी किंवा खरी ठरवणे मला पटत नाही, पण १०० मीटरला पुरणारी तयारी २०० ला तशीच पुरेल असे धरू नये, इतके त्यातून घ्यायला हरकत नाही.

५० मीटरच्या शर्यतीसाठी तर २५ चे रिपीट मुळातच चुकीचे माप आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. त्या वेगाला २५ मीटरचे वीस रिपीट तुटपुंज्या विश्रांतीत कोणीच पोहू शकत नाही. तिथे १२.५ ते १५ मीटरचे रिपीट हवेत.

सगळे बरोबर असूनही आकडा हलत नाही

लक्ष्य, मोजणे, विश्रांती आणि हात तपासून झाल्यावर तीन-चार आठवडे सेट एकाच ठिकाणी अडला असेल, तर तो सरावात कुठे ठेवला आहे ते पाहावे. तासाभराच्या किकनंतर (फक्त पायांच्या सरावानंतर) किंवा पुलनंतर (फक्त हातांच्या सरावानंतर), वेळ उरला म्हणून शेवटी घेतलेला सेट शर्यतीच्या वेगाचा राहत नाही. वॉर्म-अपनंतर तो लगेच घ्यावा आणि त्याच स्ट्रोकचा तोच सेट लागोपाठ दोन दिवस घेऊ नये.

पाण्याचे तापमानही विसरू नये. स्पर्धेच्या तलावासाठी २५ ते २८ अंश सेल्सिअसची मर्यादा असते. पुण्या-नाशिककडच्या न तापवलेल्या उघड्या तलावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाणी त्याहून बरेच गार असते आणि एप्रिल-मेच्या संध्याकाळी त्याहून गरम. गार पाण्यात वॉर्म-अप लांबवावा आणि विश्रांतीत खांदे पाण्याबाहेर ठेवू नयेत. गरम पाण्यात रिपीटची संख्या कमी करावी. हिवाळ्यातल्या वहीची उन्हाळ्यातल्या वहीशी तुलना करताना हा रकाना हवाच.

दहावी-बारावीच्या वर्षातल्या मुलांच्या बाबतीत झोप किती होते हे विचारावे, आणि उत्तर ऐकून सेट कमी करावा, मुलाला बोलू नये. अंगाने भराभर वाढणाऱ्या मुलांचे हात-पाय लांब होतात, पण ते पाण्यात नीट चालवता येईपर्यंत काही महिने हातांची संख्या आणि वेळ दोन्ही वेडीवाकडी येतात. विश्रांती देऊनही थकवा जात नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे. वयात आलेल्या मुलींमध्ये लोह कमी पडणे नवे नाही आणि त्याला कोणताही सेट उपाय नाही. बंदिस्त तलावात सेटनंतर दर वेळी खोकल्याची उबळ येत असेल तर तेही डॉक्टरांपुढे ठेवावे. खांद्याच्या पुढच्या बाजूस दुखत असेल तर शर्यतीच्या वेगाचे काम त्याच दिवशी थांबवावे.

दुरुस्ती करताना एका आठवड्यात एकच गोष्ट बदलावी. लक्ष्य सैल केले, चक्र लांबवले आणि लेनही बदलली, मग सेट टिकला, तर कशामुळे टिकला ते कोणालाच सांगता येत नाही. वहीत पहिल्यांदा चुकलेल्या रिपीटचा क्रमांक, चक्र, तलाव, हातांची संख्या आणि मोजणारा कोण, एवढे लिहावे. दोन सलग सेटमध्ये वीस रिपीट न चुकता झाले की लक्ष्य फक्त एका दशांशाने कमी करावे. त्या आठवड्यात पहिली चूक पुन्हा नवव्या-दहाव्या रिपीटला येईल, ती अपेक्षित आहे, आणि तिची तुलना जुन्या लक्ष्याच्या आकड्यांशी करू नये.